ड्रायव्हर अपडेट केल्यापासून ४के व्हिडिओ अडखळतोय, कार्ड गेलं का?

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळी साडेसहाला कॉम्प्युटरसमोर बसलो तो रात्री एकला उठलो, आणि गाडं होतं तिथेच आहे.

प्रकार असा. आठ-दहा दिवसांपूर्वी ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला. तेव्हापासून ब्राउझरमध्ये ४के व्हिडिओ लावला की आवाज पुढे पळतो आणि चित्र मागे राहतं. सीपीयू ९५ टक्क्यांवर, पंखा मिक्सरसारखा ओरडतो. फोनवर काढलेल्या क्लिप प्लेअरमध्ये लावल्या, तर त्यांचीही तीच गत.

कार्ड २०१६ च्या पिढीतलं आहे. कंपनी मुद्दाम सांगत नाही, सांगितली की दोन्हीकडचे भक्त येऊन भांडतात आणि प्रश्न राहतो बाजूला. प्रोसेसर चार कोरचा, विंडोज १०. गेम मात्र पूर्वीसारखेच चालतात, त्यामुळे कार्ड मेलंय असंही म्हणवत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करून झालं. मग त्याच्याही मागची आवृत्ती टाकली. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूनं (ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) सगळं खरवडून काढलं. त्यात नेट चालू ठेवायची चूक केली. नॉर्मल मोडमध्ये येऊन चहा करून आणेपर्यंत विंडोज अपडेटनं आपल्या मनानं तिसराच ड्रायव्हर बसवला होता. परत पहिल्यापासून सगळं. फरक शून्य.

कुठली आवृत्ती चांगली आहे, कुणी सांगेल का?

तारांचा गुंता:
आवृत्तीचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की 'कोडेक्स'पुढे (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) काय दिसतं? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूखाली 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख असतो, तो हलतो का? आणि तिसरी, जरा आठवून सांगा: अपडेटच्या आधी सगळं सुरळीत होतं, की अडखळत होतं म्हणून अपडेट केलंत?

धागाकर्ता:
तिसऱ्या प्रश्नानं पकडलंत. आदल्या आठवड्यात एकदोनदा अडखळलं होतं खरं, आणि त्यावरूनच अपडेटची बुद्धी झाली.

बाकीचं आत्ताच पाहिलं. परवा आलेला ४के व्हिडिओ लावला: एव्ही०१. डीकोडचा आलेख शून्यावर आडवा, जणू कार्ड बसवलेलंच नाही. मिनिटभरात चारशेवर फ्रेम गळाल्या. मग त्याच चॅनेलचा चार वर्षं जुना व्हिडिओ, तोही ४के: व्हीपी०९. आलेख लगेच साठाच्या आसपास चढला, सीपीयू पंधरावर, गळालेल्या फ्रेम दोन. एकच ड्रायव्हर, एकच ब्राउझर. हे काय गौडबंगाल आहे?

तारांचा गुंता:
गौडबंगाल वगैरे काही नाही, तुमच्या कार्डात एव्ही१ चा (तेच ते 'एव्ही०१') डीकोडरच नाही. व्हिडिओ उलगडणारा भाग चिपमध्ये वेगळा असतो, गेम चालवणाऱ्या कोरशी त्याचा संबंध नाही. म्हणून गेम ठणठणीत आणि व्हिडिओ आजारी. तो भाग जे कोडेक शिकून कारखान्यातून बाहेर पडला तेवढेच त्याला येतात. व्हीपी९ २०१३ चा, तो तुमच्या कार्डाला येतो. एव्ही१ ठरला २०१८ मध्ये, तुमचं कार्ड त्याच्या दोन वर्षं आधीचं.

मग सगळा भार सीपीयूवर जातो. १०८०पी असेल तर सॉफ्टवेअर डीकोडर चार कोरवरही निभावून नेतो, ४के ६० फ्रेमला मात्र दम लागतो. साइटवर आता नवे व्हिडिओ एव्ही१ मध्येही येतात, म्हणून तुम्हाला वाटलं की अचानक बिघडलं.

पिक्सेलवेडा:
ड्रायव्हरनं कधीच काही वाढत नाही, असं मात्र नाही हं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० आणि ९८० मध्ये एचईव्हीसी या दुसऱ्या एका कोडेकचा पूर्ण डीकोडर नव्हता, तरी ड्रायव्हरनं अर्धं काम शेडरवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या कोरवर, ढकलून हायब्रिड डीकोड दिलं होतं. पूर्ण डीकोडर आला तो त्यांच्यापेक्षा स्वस्त असलेल्या ९६० मध्ये, २०१५ ला! महागडं कार्ड घेतलेल्यांचा तेव्हा काय जळफळाट झाला होता.

तारांचा गुंता:
मान्य. पण धागाकर्त्यांनी त्या आशेवर बसू नये. आज करायचं ते एवढंच: ब्राउझरला एव्ही१ नको म्हणून सांगायचं. फायरफॉक्स असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये जाऊन मीडिया.एव्ही१.एनेबल्ड हे फॉल्स करा. इतर ब्राउझरसाठी एव्ही१ अडवणारी एक्स्टेन्शन मिळतात. साइट मग मुकाट्यानं व्हीपी९ पाठवते. नेट थोडं जास्त लागेल, कारण त्याच दर्जाला व्हीपी९ ची फाइल मोठी होते.

फोनच्या क्लिपचं प्रकरण वेगळं दिसतंय. त्या बहुधा एचईव्हीसीत असणार, आणि २०१६ च्या कार्डाला एचईव्हीसी यायला हवा. प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग काय ठेवलंय?

धागाकर्ता:
फायरफॉक्सच आहे. फॉल्स केलं, टॅब पुन्हा उघडला आणि परवाचाच व्हिडिओ व्हीपी०९ म्हणून आला. लोण्यासारखा चालला. साडेसहा तास घातले त्याचं उत्तर एका ओळीत होतं.

प्लेअरमध्ये बघतो तर 'डिसेबल'! आणि ते मीच केलेलं आहे. तीनेक महिन्यांपूर्वी व्हिडिओच्या खालच्या कडेला हिरवी पट्टी यायची, तेव्हा कुठेतरी वाचून हार्डवेअर डीकोडिंग बंद केलं आणि साफ विसरलो. तेव्हा १०८०पीचे व्हिडिओ बघत होतो, सीपीयूनं ओढून नेले. ४के क्लिप काढायला लागलो ते नवा फोन आल्यावर.

आता 'ऑटोमॅटिक' केलंय. नवं कार्ड घ्यायचं झालं तर काय बघू?

पिक्सेलवेडा:
एव्ही१ डीकोड एनव्हिडियाच्या ३० मालिकेपासून, एएमडीच्या आरएक्स ६००० पासून आणि इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अंगच्या ग्राफिक्सपासून आहे. एएमडीत एक खोच: आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही त्याच मालिकेतली, २०२२ ची, तरी त्यांत एव्ही१ डीकोड नाही. तेव्हा मालिका बघून घेऊ नका, मॉडेलचा तक्ता बघा. व्हिडिओ एव्ही१ मध्ये एन्कोडही करायचा, म्हणजे तयारही करायचा असेल तर एनव्हिडियाची ४० मालिका, आरएक्स ७००० किंवा इंटेल आर्क.

नुसतं बघायचंच असेल तर घाई करू नका. आहे ते कार्ड व्हीपी९ वर छान चालतंय की.

तारांचा गुंता:
आणि हो, फोनची क्लिप लावलीत का परत? हिरवी पट्टी?

धागाकर्ता:
लावली. दोन वेळा अथपासून इतिपर्यंत पाहिली, कडेला नाक लावून. पट्टी नाही. नवा ड्रायव्हर आता मी काढत नाही.