लेकीला पाळक व्हायचंय

सलाम. आम्ही नाशिकला शरणपूर रोडला राहतो. लेक म्हणते, पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हायचं. सासूबाई विचारतात, बाईच्या हातून प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस? पण माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत पाळकबाईच आल्या होत्या. आधी उशी नीट केली, मग प्याला ओठांना लावला. लेकीला वाट मोकळी आहे ना?

> आहे ताई. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. आधी डीकन (पहिली पायरी), मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). पहिलं आपल्या पाळकांशी बोला, चर्चच्या मंडळीची शिफारस लागेल.

> सासूबाईंना सांगा, याच शरणपूरने गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं सांभाळली. १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीसोबत लंडनला गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी.

हे आज जेवताना वाचून दाखवते.