शब्दचर्चा : 'प्रारब्ध' म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

मृगनक्षत्र

गेल्या महिन्यात माझे धाकटे काका गेले. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी आपल्या मनानं बंद केल्या होत्या. पहाटे अंगणात पडले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला. दहाव्याला घाटावरून परत आल्यावर ओसरीवर बसलेल्यांचं बोलणं कानावर पडत होतं. "प्रारब्ध. दुसरं काय." "दोरीच तेवढी होती." आणि हातातला कप खाली ठेवायच्या आत तोच माणूस म्हणाला, "पण गोळ्या सोडायला नको होत्या."

ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं तिथं कुणालाच वाटलं नाही. काकूला वाटलं. रात्री सगळे गेल्यावर ती म्हणाली, "लिहिलेलंच होतं, तर मी रोज गोळी हातावर ठेवली असती तरी ते गेलेच असते का? आणि ठेवल्यानं वाचले असते, तर मग लिहिलेलं होतं ते काय?"

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, दिवसभर शब्दच बघतो, पण मला उत्तर देता आलं नाही. शब्दकोश 'प्रारब्ध'पुढे 'नशीब, दैव' लिहितो आणि 'दैव'पुढे 'प्रारब्ध, नशीब'. हे सगळे शब्द खरोखर एकच आहेत का? आणि जे आपल्या हातात असतं त्याला मराठीत घरगुती शब्द कोणता? 'इच्छास्वातंत्र्य' मला माहीत आहे, पण तो शब्द काकूपुढे नेऊन ठेवण्यासारखा नाही.

जुनीलिपी

काकांचं वाचून वाईट वाटलं. प्रश्न मनापासून आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे शब्द एक नाहीत. 'प्रारब्ध' म्हणजे 'सुरू झालेलं'. 'प्रारंभ' आणि 'प्रारब्ध' सख्खे भाऊ आहेत, दोन्हींत 'रभ्' हाच धातू. त्याच्या शेजारी नेहमी आणखी दोन शब्द असायचे, संचित आणि क्रियमाण; तिन्ही कर्माबद्दलचे. जुने कीर्तनकार धान्याचा दाखला द्यायचे : कणगीत साठलेलं ते संचित, त्यातलं दळून आणून परातीत घेतलेलं पीठ ते प्रारब्ध, आणि आज शेतात पेरतोय ते क्रियमाण. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, ते खावंच लागतं. पण पीठ झालं म्हणून पेरणी थांबत नाही.

आपल्या बोलण्यात झालं असं की तीन भावंडांपैकी दोन घराबाहेर गेली. 'संचित' भाषणांत आणि लेखांत उरलं, 'क्रियमाण' तर पोथीबाहेर ऐकूच येत नाही. मग तिघांचा भार एकट्या 'प्रारब्धा'वर पडला आणि जे झालं, होतंय, होणार आहे ते सगळंच प्रारब्ध ठरलं. शब्दाचा हा अर्थविस्तार मला चुकीचाच वाटतो, नुसता सैल नव्हे. गोळ्या बंद करायचं ठरवलं त्या दिवशीचा तो निर्णय क्रियमाण होता.

'दैव' वेगळं. ते 'देव'पासून आलं, म्हणजे देवांकडचं. गीतेच्या अठराव्या अध्यायात (१४वा श्लोक) कुठल्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, करण (साधनं), निरनिराळ्या चेष्टा (हालचाली), आणि 'दैवं चैवात्र पञ्चमम्'. दैव आहे, पण पाचवं आहे. आपण पहिली चार गाळून पाचवं तेवढं बोलतो.

खडीसाखर

'लिहिलेलं' या शब्दाबद्दल मला सांगायचं आहे. आमच्याकडे बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणून. 'सटवाई' म्हणजे षष्ठी. 'दारिद्र्य पाचवीला पुजलेलं' हेही याच रात्रीवरून आलं. माझ्या नातवाच्या वेळी तो कागद मीच ठेवला. सकाळी तो कोराच असतो. मी तो घडी करून डब्यात ठेवला, आणि त्याच सकाळी माझ्या सुनेनं भिंतीवरच्या कॅलेंडरात बाळाच्या पुढच्या लसीच्या तारखेवर गोल केला. त्या घरात दोन लिखाणं होती, आणि आम्ही दोन्ही मनापासून मानत होतो. मला त्यात आजही काही खोटं वाटत नाही.

तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

बोरीबंदर

थोडक्यात. पंचांगात ग्रहणाची वेळ आधी छापलेली असते, पंचांगामुळे ग्रहण लागत नाही. देवाला आधी माहीत असणं आणि देवानं ते घडवणं या दोन गोष्टी आहेत. काकांनी काय ठरवलं ते देवाला ठाऊक होतं, कारण ते काकांनी ठरवलं, उलट नाही.

मृगनक्षत्र

@बोरीबंदर, हे पटतं, पण अर्धंच. पंचांगकर्त्यानं चंद्र केलेला नाही. आपण ज्याच्याबद्दल बोलतो त्यानं चंद्रही केला आणि काकांचा हट्टी स्वभावही. नुसतं 'सर्वज्ञ' असता तर तुमचं उत्तर पुरलं असतं. 'सर्वशक्तिमान' म्हटलं की गाठ पुन्हा बसते.

रत्नागिरीकर

ही गाठ आमच्याकडेही आहे, आणि गंमत नाही, अगदी खरं सांगतो, तिचे निम्मे शब्द तुम्ही मराठीत रोज वापरता.

'नशीब' अरबी, मूळ अर्थ वाटा. 'किस्मत' म्हणजे वाटणी. आणि 'भाग्य' तरी काय, 'भाग'च ना? तीन शब्द दोन भाषाकुळांतून आले आणि तिघांचाही अर्थ 'वाट्याला आलेलं'. त्यात लिहिण्याचा संबंध नाही. वाटा किती मिळाला हे ठरतं, त्याचं काय करायचं ते त्या शब्दात नाही.

निवडीच्या अधिकाराला अरबीत 'इख्तियार' म्हणतात. तेच आपलं 'अखत्यार'. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असं कचेरीतला माणूस म्हणतो, तेव्हा शेकडो वर्षांच्या धर्मचर्चेतला शब्द त्याच्या तोंडी असतो. त्याच्या विरुद्ध 'जब्र', म्हणजे आपली जबरी, जबरदस्ती. माणूस जब्राखाली आहे की त्याला इख्तियार आहे, यावर फार जुने वाद झाले.

त्यात दहाव्या शतकात इमाम अशअरी यांनी एक शब्द पुढे केला, 'कस्ब'. कर्म निर्माण अल्लाह करतो, पण माणूस ते कमावतो, आपल्या नावावर घेतो. म्हणून जाब माणसाला. 'कस्ब'चा अर्थ कमाई. मराठीत तो 'कसब' होऊन आला आणि हातातलं कौशल्य असा त्याचा अर्थ झाला. ('कसबा पेठ'मधला कसबा वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) माझे वडील सुतार होते. सागवान त्यांनी केलेलं नव्हतं, त्याचे रेषे, त्याच्या गाठी आधीच ठरलेल्या. रंधा कुठून चालवायचा ते वडील ठरवायचे. लोक 'काय कसब आहे' म्हणायचे ते सागवानाला नव्हे. काकूंसाठी घरगुती शब्द हवा असेल तर मी 'कसब' सुचवणार नाही, तो वेगळ्या वाटेनं गेला. पण 'आपल्या अखत्यारीतलं' हे त्यांना नक्की कळेल.

वसईची वाट

आमच्या प्रार्थनेत एक ओळ आहे : 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' लहानपणी मी फादरना विचारलं होतं की सगळं देवाच्या इच्छेनंच होतं, तर मग 'होवो' कशाला म्हणायचं? ते म्हणाले, 'होवो' म्हणावं लागतं यातच उत्तर आहे. 'होते' असं प्रार्थनेत नाही. एवढंच लिहायचं होतं. क्रियापदाच्या एका रूपात किती राहतं ते दाखवायला.

जुनीलिपी

वसईची वाट यांनी क्रियापदाकडे बोट दाखवलं ते फार बरं केलं, कारण मला तिथंच यायचं होतं. आपण म्हणतो 'करता-करविता तो'. हा व्याकरणातला जोड आहे.

पाणिनीचं एक सूत्र आहे (१.४.५४) : 'स्वतन्त्रः कर्ता'. जो क्रियेत स्वतंत्र तो कर्ता. लगेच पुढचं सूत्र : 'तत्प्रयोजको हेतुश्च'. त्या स्वतंत्र कर्त्याला जो प्रवृत्त करतो तो हेतू, आणि तोही कर्ताच. 'तत्' हा शब्द नीट पाहा. ज्याला प्रवृत्त केलं जातं तो प्रवृत्त केल्यावरही 'स्वतंत्र' या नावानंच ओळखला जातो. करविता आला म्हणून करता पुसला जात नाही.

धर्मचर्चेतही हीच रूपं येतात. कौषीतकी उपनिषदात 'कारयति' आहे, तो चांगलं कर्म करवतो. ब्रह्मसूत्रात आधी जीव कर्ता आहे असं म्हटलं (२.३.३३), मग ते कर्तेपण परमेश्वराकडून आहे असं म्हटलं (२.३.४१), आणि लगेच पुढच्या सूत्रात, की तो जीवानं केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवून करवतो; नाहीतर 'हे कर, हे करू नको' या सांगण्याला अर्थच उरणार नाही. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखा, भाताचं भात होतं आणि जवाचं जव, ते बियाण्यामुळे. पाऊस म्हणजे ईश्वर, बियाणं म्हणजे जीवाचं आधीचं कर्म.

आणि गीतेतल्या त्या दोन श्लोकांतलं अंतर मला अजून थक्क करतं. अठराव्यातला ६१वा : ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो. ६३वा : 'यथेच्छसि तथा कुरु', तुला हवं तसं कर. मध्ये फक्त एक श्लोक आहे. सांगणाऱ्याला ही विसंगती वाटली असती तर एवढ्या जवळ ही वाक्यं आली नसती.

मृगनक्षत्र

सर, पावसाच्या दाखल्यावर मी अडतो. बियाणं कुणी केलं, असं काकू विचारेल. तुम्ही 'अनादी' म्हणाल. त्यानं प्रश्न मागे सरकतो, सुटत नाही, निदान माझ्यापुरता. पण करता-करवित्याचं मात्र मनात घर करून बसलं आणि दोन दिवस मी माझ्या कामात तेच शोधत होतो. सापडलं ते मांडतो.

मराठीत 'करवणे' एकटं नाही. आपल्याकडे चार रूपं आहेत : करवतो, करायला लावतो, करवून घेतो, करू देतो. 'लावतो'मध्ये बळ आहे. 'देतो'मध्ये परवानगी आहे. 'करवून घेतो'मध्ये दोघं आहेत, हात माझे आणि जोर त्याचा.

आता देवाबद्दल आपण यातलं कोणतं वापरतो? वारी करून आलेली माझी मावशी म्हणते, "माउलीनं करवून घेतली." "माउलीनं करायला लावली" असं म्हणताना मी वारकऱ्याला कधी ऐकलेलं नाही. आणि वाईट कामाला आपण यातलं काहीच लावत नाही. "देवानं माझ्याकडून चोरी करवून घेतली" हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, पण मराठी माणसाच्या तोंडी ते बसत नाही. तिथं आपण म्हणतो "बुद्धी फिरली", "दुर्बुद्धी सुचली". चांगल्याचं श्रेय 'करवून घेतो'नं वर पाठवतो, वाईटाची जबाबदारी तिकडे पाठवायला जीभ वळत नाही. हे कुणी शिकवलेलं नाही, भाषेतच आहे.

तुकोबांचा 'शिकविता धणी' आठवा. साळुंकी गोड बोलते, पण शिकवणारा धनी वेगळाच, असं त्यांनी स्वतःबद्दल म्हटलं, सगळं श्रेय विठ्ठलाला देत. आज वर्तमानपत्रात 'बोलविता धनी कोण?' हा मथळा मी आठवड्यातून एकदा तरी तपासतो, आणि तो नेहमी संशयाचा असतो. भक्तीत नम्रता असलेला शब्द राजकारणात आरोप झाला, कारण तिथं 'करवून घेतो'चं 'करायला लावतो' झालं. रूप तेच, जोर बदलला.

आणि हेच तुकोबा एकीकडे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणतात, दुसरीकडे 'असाध्य ते साध्य करिता सायास'. मी आजवर हे दोन वेगळ्या मनःस्थितीतले अभंग समजत होतो. आता वाटतं, पहिला परातीतल्या पिठाबद्दल आहे, दुसरा पेरणीबद्दल.

खडीसाखर

आणि काकूंना काय सांगितलंत?

मृगनक्षत्र

काल गेलो होतो. कणगी, दळण, पेरणी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगते, गोळी द्यायची राहून गेली. ते बरोबर आहे का?"

मी शब्दांचा माणूस, मला ते वाक्य लगेच टोचलं. 'राहून गेली' याला कर्ताच नाही. गोळी आपली आपण राहिली आणि आपण गेली. त्यात तीही नाही, काकाही नाहीत, देवही नाही. मी तिला विचारलं, की त्या महिन्यात नेमकं काय व्हायचं ते सांग, वाक्य सोडून दे.

ती उठली आणि फळीवरचा डबा घेऊन आली. आत गोळ्यांची पाकिटं होती, एकात तीन गोळ्या शिल्लक, बाकीची न फोडलेली. म्हणाली, "मी रोज सकाळी चहाबरोबर ठेवायची. पहिले आठ-दहा दिवस ठेवली. ते बशी बाजूला सरकवायचे. म्हणायचे, मला काही होत नाही, नको. मग मी ठेवणं बंद केलं."

"म्हणजे ठेवली होतीस."

"ठेवली होती," ती म्हणाली. बराच वेळ गप्प होती. मग तीन गोळ्यांचं पाकीट हातात फिरवत म्हणाली, "त्यांनी घेतली नाही."