मुंबई–नेवार्क : बिझनेसमध्ये जागा रिकाम्या दिसतात, तरी आईचं अपग्रेड होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला घेऊन भावाकडे न्यू जर्सीला निघालेय. आई ७२ वर्षांची, गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदललेत. थेट विमान, म्हणजे जवळजवळ १६ तास. दोघींची तिकिटं इकॉनॉमीची, एकाच पीएनआरवर. माझे माइल्स (विमान कंपनीकडे साठलेले पॉइंट्स) एकीच्याच अपग्रेडला पुरतात, ते आईसाठी वापरायचेत.

रोज रात्री सीट मॅप उघडते. काल बिझनेसमध्ये १४ जागा मोकळ्या होत्या. फोन केला की एकच उत्तर, "अपग्रेडसाठी उपलब्ध नाही, मॅडम." का, ते कोणी सांगत नाही.

वाचून एवढं कळलंय की मॅपवर मोकळी दिसणारी जागा विकलेलीही असू शकते, फक्त सीट नंबर कुणी निवडलेला नसतो. शिवाय केबिन एकच असली तरी विक्री जे, सी, डी, झेड अशा अक्षरांच्या, वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांतून होते. एजंटला प्रत्येक कप्प्यात विकायला किती जागा आहेत ते आकडे दिसतात, पण ९ पर्यंतच. जे९ म्हणजे नऊ किंवा कितीही जास्त. माइल्सच्या अपग्रेडचा कप्पा बऱ्याच कंपन्या निराळा ठेवतात. म्हणून जे९ असूनही अपग्रेड शून्य असू शकतं. ऐनवेळी पूर्ण भाडं देणारा येईल या हिशेबाने जागा राखतात. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या केन लिटलवुडने १९७२ मध्येच हे गणित मांडलं होतं. गणित पटतं, पण आईचे गुडघे सोळा तास दुमडलेले राहणार, त्याचं काय?

आता अडलंय ते पीएनआरवर. तिकीट काढताना स्वस्त कप्प्यात एकच जागा उरली असेल तर दोघींनाही पुढचा महाग दर लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. अपग्रेडलाही तसंच होतं का? सिस्टीम दोन जागा शोधते आणि एक असूनही नाही म्हणते, असं असेल तर पीएनआर वेगळे करून घ्यावेत का? भीती अशी की विमान रद्द झालं तर आई एका विमानात आणि मी दुसऱ्यात. तिला इंग्रजी फारसं येत नाही.

की वेटलिस्टवर नाव ठेवून चेक-इन काउंटरवरच पैसे भरून विचारावं?

निघायला १९ दिवस आहेत. आईवडिलांसाठी कुणी पीएनआर वेगळा केला असेल तर कृपया सांगा, व्हीलचेअरची नोंद नव्या पीएनआरवर आपोआप गेली का, की पुन्हा करावी लागली?