सोसायटी ग्रुप: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकल्यापासून

ए-२०१ काका: सर्वांना नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून आणली त्या दिवसापासून एक साधी नोटीस काढणं जमत नाहीये. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उठून मधे आलंय, राइट क्लिक केलं की अर्धे ऑप्शन गायब, आणि गेल्या वर्षीचं इतिवृत्त उघडलं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि स्वल्पविरामांचा नुसता काला झालाय. १० चांगली चालली होती की. परत तीच टाकून घेऊया, दुकानवाला हो म्हणतोय.

सेक्रेटरी: मलाही तेच वाटतंय. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यायचीय, ऑडिटरला कागद द्यायचेत, आत्ता हे शिकत बसायला वेळ कुणाला आहे.

बी-१०४ ताई, खजिनदार: काका, सेक्रेटरी साहेब, कृपा करून परत १० टाकू नका. १० ला मायक्रोसॉफ्टचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला सिक्युरिटीचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केलेत, तेवढंच. आपण त्याच कॉम्प्युटरवरून सोसायटीच्या बँक खात्याचं नेट बँकिंग करतो, सगळ्या सभासदांचे फोन नंबर आणि मेंटेनन्सची थकबाकी त्यात आहे, ते मशीन अपडेटविना चालवायला माझी खजिनदार म्हणून तयारी नाही. आणि काकांचा त्रास खरा आहे, पण त्यातला दिसण्याचा जो भाग आहे तो दहा मिनिटांत सुटणारा आहे. कोयती पडवीच्या खुंटीवरून काढून माजघरात ठेवली तर चार दिवस हात खुंटीकडेच जाणार, तसं चाललंय ते.

बी-१०४ ताई, खजिनदार: काका स्टार्टचं बघा. खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज येईल, त्यात सगळ्यात खाली टास्कबार बिहेवियर्स, ते उघडून अलाइनमेंटला सेंटरचं लेफ्ट करा. बटण गेलं कोपऱ्यात. राइट क्लिकच्या मेनूत कट, कॉपी, पेस्ट आता वरच्या किंवा खालच्या कडेला छोट्या चित्रांच्या ओळीत असतं. जुना पूर्ण मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक करा, तोच्या तोच येईल.

ए-२०१ काका: स्टार्ट आलं कोपऱ्यात. बरं वाटलं. पण इतिवृत्ताचं काय?

बी-१०४ ताई, खजिनदार: खरी काळजी त्याचीच आहे. आपली जुनी इतिवृत्तं, शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर आणि ना हरकत दाखले हे सगळं युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या आत्ताच्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं आहे. त्या फाइलीत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना वरून मराठी रूप देतो. दुकानात नव्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकली, फाइली कॉपी केल्या पण फाँट कॉपी केला नाही, म्हणून हा काला. फाइल बिघडलेली नाही, एक अक्षरही गेलेलं नाही. घाबरून त्यात काही दुरुस्त करायला जाऊ नका आणि सेव्ह तर करूच नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये विंडोजच्या फोल्डरात फाँट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातून ती फाँटची फाइल आणायची, राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणायचं, इतिवृत्त पुन्हा मराठीत दिसेल.

सेक्रेटरी: अहो पण जुनी डिस्क दुकानातच आहे, नवीन एसएसडी टाकली ना आपण.

बी-१०४ ताई, खजिनदार: मग आत्ता फोन करा, आत्ताच. फॉरमॅट करू देऊ नका. ती सोसायटीची वस्तू आहे, आपल्या कपाटात आली पाहिजे.

सी-३०३: ताईंना पूर्ण अनुमोदन 👍 मी पुण्यातून लिहितोय. यापुढचं सगळं युनिकोडमध्येच करा म्हणजे मशीन बदललं तरी हा प्रश्न येणार नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड लँग्वेज, तिथे मराठी. त्याने मंगल वगैरे फाँटपण येतात. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी मराठी बदलतं. दोन प्रकारचे कीबोर्ड आहेत, इनस्क्रिप्ट म्हणजे सरकारी ऑफिसात चालतो तो, के वर क, एल वर त, एच वर प. दुसरा फोनेटिक, त्यात मोबाइलवर टाइप करता तसं इंग्रजी स्पेलिंगने लिहा, मराठी होतं.

ए-२०१ काका: माझा हात टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला आहे, ४० वर्षांची सवय.

सी-३०३: तो विंडोजमध्ये आयता नाही काका. तुम्ही फोनेटिक घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही आम्हा सगळ्यांपेक्षा फास्ट टाइप करता तेच चालेल.

ए-००२ काकी: माझो लॅपटॉप तर ११ घेवकच नाय म्हणता, टीपीएम की काय ता चालना नाय म्हणान. २०१६ चो आसा. आता ह्येका भंगारात घालू काय? आंब्याच्या पेट्यांचो सगळो हिशोब ह्येच्यातच आसा.

सी-३०३: काकी भंगारात अजिबात नको. ११ ला टीपीएम २.० लागतं, ती सिक्युरिटीची चिप असते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, २०१६ चा त्यात बसत नाही. कुणी जुगाड करून टाकून देतो म्हणेल, हिशोबाच्या मशीनवर ते नको. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जाऊन वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवा. नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची दुसरी सिस्टीम टाकता येते, फुकट आहे, तिची २२ नंबरची आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे आणि एक्सेलची फाइल तिच्यातल्या लिब्रेऑफिस या ऑफिससारख्या प्रोग्रॅममध्ये उघडते. काही केलं तरी आधी हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

ए-००२ काकी: बरा झाला सांगितलंस बाबू. झिलाक सांगतंय.

सेक्रेटरी: अजून एक, डेस्कटॉपवर ठेवलेल्या पावत्यांवर ढगाचं चिन्ह येतंय आणि जागा संपली म्हणून सारखा मेसेज येतो. डिस्क तर रिकामी आहे.

बी-१०४ ताई, खजिनदार: ती जागा डिस्कची नाही, वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीची, फुकट फक्त ५ जीबी मिळते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप तिकडे जोडले गेलेत. सेक्रेटरी साहेब, रागावू नका पण स्पष्ट विचारते, मशीन कुणाच्या ईमेलने सुरू केलं?

सेक्रेटरी: माझ्याच. दुकानात अकाउंट मागितलं तेव्हा तेच दिलं.

बी-१०४ ताई, खजिनदार: म्हणजे सभासदांच्या पावत्या तुमच्या खाजगी अकाउंटात जातायत. त्याहून मोठं म्हणजे नव्या मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू होतं, सगळी डिस्क कुलूपबंद, आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटात जाऊन बसते. कधी मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही हललं की मशीन ती की मागतं, आणि नसेल तर डेटा कुणालाच मिळत नाही, दुकानवाल्यालाही नाही. कमिटीची मुदत ५ वर्षं. उद्या तुम्ही मुंबईला मुलाकडे राहायला गेलात तर इथे नवीन कमिटीने काय करायचं? सोसायटीच्या नावाने वेगळा ईमेल काढूया, मशीन त्यावर घेऊया, त्या रिकव्हरी कीची प्रिंट काढून शेअर सर्टिफिकेटच्या फाइलीत ठेवूया आणि मीटिंगमध्ये तशी नोंद करूया. माझ्या दृष्टीने स्टार्ट बटण कुठेही असो, हे आधी व्हायला पाहिजे.

सेक्रेटरी: पटलं. सोमवारच्या कमिटी मीटिंगला विषय घेतो.

बी-२०३ वहिनी: ताई, अपडेट चालू असताना लाईट गेली तर? मिरग सुरू झालाय, आपल्या नाचणे भागाच्या वीजवाहिनीला तर वारा सुटला की लाईट जाते.

बी-१०४ ताई, खजिनदार: बरं झालं विचारलंत. बहुतेक वेळा परत सुरू केल्यावर विंडोज आपणहून मागे येते, पण भरवशावर राहू नका. विंडोज अपडेटमध्ये पॉज आहे, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. मुसळधार चालू असताना पॉज ठेवा, उघडीप मिळाली की दुपारी कुणीतरी समोर बसून अपडेट करून घ्या. आणि यूपीएसची बॅटरी बदला, गेल्या मीटिंगलाच मंजूर झालीय.

सेक्रेटरी: दुकानात फोन झाला, डिस्क तशीच ठेवलीय, उद्या सकाळी घेऊन येतो. ताई ११ वाजता ऑफिसात याल का, काकांनाही बोलावतो.

बी-१०४ ताई, खजिनदार: येते. पेनड्राइव्ह माझा आणते, ऑफिसातला नको, खाऱ्या हवेने त्याचं तोंड हिरवं पडलंय.