ब्रेक ऑइल कमी व्हायलंय, मागचं डावं चाक आतून ओलं. काय बदलावं?

उदगीरकर:
२०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस नाही. पंधरा दिवसांत ब्रेक ऑइल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेच्याही खाली गेलं. पेडल खोल जायलंय, दोनदा पंप केलं की वर येतं. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला ओला पट्टा आहे, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय. मिस्त्री म्हणतात, ऑइल टाकून चालवा, किट (सिलिंडरच्या आतल्या रबरांचा संच) नंतर बघू. शनिवारी अंबाजोगाई-केजमार्गे बीडला जायचंय, मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. नेमकं काय तपासू?

नांदेड_गॅरेज:
दादा, दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवू नका. मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) दोन वेगळी सर्किटं, म्हणजे ऑइलचे मार्ग असतात, म्हणून अजून ब्रेक लागतोय. त्यातलं एक रिकामं झालं की दोनच चाकं धरतात. भरल्या गाडीला घाटउतारावर तेवढं पुरत नाही.

आधी ओल कसली ते ठरवा, कारण मागचा शॉकअपही ऑइल सोडतो. वाटीत पाणी घ्या, ओलीवर चिंधी फिरवून दोन थेंब त्यात पिळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. शॉकअपच्या ऑइलचा तवंग वर राहतो.

मग ड्रम खोला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि नुसत्या जॅकवर काम नको, खाली स्टँड हवाच. ड्रम अडकला असेल तर त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रं असतात. बहुतेक गाड्यांत त्यात ८ एमएमचे बोल्ट बसतात. दोन्ही आळीपाळीने पिळत गेलात की ड्रम आपसूक बाहेर येतो. कडेवर हातोडी मारू नका, ओतीव लोखंड आहे, तुकडा उडतो.

आत व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर दाबतो तो) असतो, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बूट दिसतील. त्यांची कड हलकेच उचला. नुसता दमटपणा असेल तर चालतो, थेंब ओघळला तर आतला कप (ऑइल अडवणारं रबर) गेला.

किटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घालू नका, अख्खा सिलिंडर बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, त्या पाण्याने आतल्या भिंतीला गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. नवा कप त्याच खड्ड्यांवर घासत राहतो आणि पुन्हा गळतो. ऑइल प्यालेले ब्रेक शूही बाद समजा. पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून बसवतात, पण शू तापले की मुरलेलं ऑइल वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. शू उजव्या-डाव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला.

परभणी_पाना:
वरचं सगळं बरोबर. खरी फजिती व्हील सिलिंडरला येणाऱ्या ब्रेक पाइपच्या नटाशी होते. काळ्या रानातला चिखल तिथं वाळून बसलेला असतो, नट गंजून पाइपलाच धरतो. साध्या पान्याने त्याचे कोपरे उडतात आणि मग अख्खा पाइप बदलावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि १०चा फ्लेअर नट पाना (नटाला जवळपास सगळीकडून धरणारा) वापरा. बसवताना टेफ्लॉन टेप अजिबात नको. तिथं सील पाइपच्या पसरट तोंडाने होतं, आट्यांनी नाही.

उदगीरकर:
थेंब पाण्यात मिसळला, बुटातूनही ओघळलं. सिलिंडर आणि शूचा पूर्ण सेट आणलाय. ऑइल किती आणि कोणतं? एअर (पाइपात शिरलेली हवा) कशी काढू?

परभणी_पाना:
ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घ्या, सीलबंद अर्धा लिटर. सिलिकॉनवालं डॉट ५ यात चालत नाही. फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नका, त्यात ओल शिरलेली असते.

व्हील सिलिंडरच्या निप्पलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं, तुम्ही निप्पल पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, मगच पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचे कप रोज जिथवर जात नाहीत तिथं कचरा-गंज असतो, पेडल तळाला टेकवलं तर ते फाटतात. बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलतो.

नांदेड_गॅरेज:
एअर निघाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं आणि चारही चाकं कोरडी असली, तर मास्टर सिलिंडरच्या आतले कप गेलेत. टाकी मात्र तरीही कमी होत असेल, तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून (पेडलचा जोर वाढवणारा डबा) सोडवून मागे बोट फिरवा. मागचा सील गेला की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. पेडल जागेवर राहिलं तर रात्रभर मागच्या दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी डाग बघूनच शनिवारचं ठरवा.