हृदयक्रिया बंद पडल्यावर स्वयंसेवकांना मोबाइलवर बोलावणं: त्रिज्या किती ठेवावी?

ठोकामोजणी:
आपत्कालीन नियंत्रण कक्षासाठी अ‍ॅप बनवतोय. फोन आला की आसपासच्या सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) शिकलेल्या स्वयंसेवकांना सूचना जाते. त्रिज्या १ किमी आहे. अडचणी दोन. अँड्रॉइडवर सूचना कधीकधी दोन-तीन मिनिटं उशिरा वाजते, आणि 'येतो' म्हणणारे पोहोचेपर्यंत रुग्णवाहिका आलेली असते. त्रिज्या वाढवून जास्त लोक बोलवावेत का? आणि एईडी (हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची पेटी) आणायला कुणाला धाडायचं?

दमछाक:
वाढवू नका, कमी करा. तुमचं वर्तुळ हवाई अंतराचं, माणूस येणार रस्त्याने. ५०० मीटरचे गल्ल्या आणि कुंपणं धरून सहज ७०० होतात. सेकंदाला अडीच मीटर म्हणजे चांगली धाव झाली, तरी ४ मिनिटं ४० सेकंद. बूट चढवणं, जिना उतरणं, तिकडे पुन्हा जिना चढणं वेगळंच. सीपीआर नसेल तर जगण्याची शक्यता मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते, मग १ किमीवरचा माणूस नुसता धापा टाकायला येणार.

स्टॉकहोमच्या प्रयोगात (निष्कर्ष २०१५चे) त्रिज्या ५०० मीटर होती. स्वयंसेवकांना बोलावलं तिथे रुग्णवाहिकेआधी सीपीआर सुरू झाल्याचं प्रमाण ६२ टक्के, नाही बोलावलं तिथे ४८. मात्र ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांत ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. तेवढ्यासाठी प्रयोग लहानच होता, पण माहितीपत्रकात 'जीव वाचतात' छापण्याआधी हे लक्षात असू द्या.

खरं तर त्रिज्या मीटरात धरूच नका. स्वयंसेवकाचा पोहोचायचा वेळ रुग्णवाहिकेच्या वेळेपेक्षा कमी असेल तरच बोलवा. विरळ वस्तीत वर्तुळ आपोआप मोठं होईल.

अर्धीबॅटरी:
उशिराचं बघू. स्वयंसेवक कुठे आहे हे सर्व्हरला कसं कळतं?

ठोकामोजणी:
दर १० मिनिटांनी फोनला गुपचूप संदेश जातो, फोन आपलं ठिकाण कळवतो. संदेश 'हाय प्रायॉरिटी' (तातडीचे) असेच ठेवलेत.

अर्धीबॅटरी:
मग तिथेच पाहा. हाय प्रायॉरिटी संदेश येऊनही पडद्यावर काहीच दिसत नाही असं वारंवार घडलं, की गूगलची पुश सेवा (फोनपर्यंत सूचना पोहोचवणारी) तुमच्या संदेशांचा दर्जा उतरवू शकते. मग खरी सूचनाही झोपलेल्या फोनला उठवत नाही, तो पुन्हा जागा होईपर्यंत पडून राहते. ती विचारणा बंद करा. 'नेहमी' ही लोकेशन परवानगी घ्या आणि फोन हलला की त्यानेच ठिकाण कळवू दे. हाय प्रायॉरिटी फक्त खऱ्या सूचनेला.

शिवाय अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळायला लावा. काही कंपन्यांचे फोन मागचं अ‍ॅप स्वतःहून मारतात, तिथली सेटिंग वेगळी असते. 'डू नॉट डिस्टर्ब' ओलांडायची मुभाही मागा. आयफोनवर मूक फोन वाजवायचा तर 'क्रिटिकल अलर्ट' लागतो, त्याची परवानगी अ‍ॅपलकडे खास अर्ज करून मिळते. महिन्यातून एकदा चाचणी सूचना पाठवा. ज्याचा फोन वाजलाच नाही, तो यादीत असून नसल्यासारखा.

पहिला_धक्का:
एईडीसाठी हिशोब स्वयंसेवक ते पेटी आणि पेटी ते रुग्ण असा पूर्ण वाटेचा करा. सर्वांत जवळचे दोघे थेट छाती दाबायला. दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा लागतो, एकट्याचा दाब उथळ होत जातो. पेटी ज्याच्या वाटेवर पडते त्याला पेटीकडे. नोंदीत मजला, कुलूप, उघडण्याच्या वेळा, छातीला चिकटवायचे पॅड आणि बॅटरीची मुदत हवीच. रात्री बंद असणाऱ्या कार्यालयातली पेटी रात्री नकाशावर दाखवू नका, माणूस काचेबाहेर उभा राहतो.

बहुतेक सेकंद मात्र अ‍ॅपच्या आधीच, नियंत्रण कक्षात फोन घेताना गळतात. 'शुद्धीवर आहे का?' आणि 'श्वास नेहमीसारखा चालू आहे का?' या दोन्हींना 'नाही' आलं की स्वयंसेवकांना बोलवायचं बटण दाबलं गेलं पाहिजे, पत्त्याचा अर्ज पूर्ण भरल्यावर नव्हे. आचके देत घेतलेला श्वास पाहून फोन करणारा 'श्वास चालू आहे' म्हणतो, तिथे हमखास फसगत होते. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा आणि त्यालाच दाबायला लावा: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०.

मारामारी किंवा आगीच्या ठिकाणी स्वयंसेवक पाठवूच नका. आणि 'परत फिरा' हा संदेशही पहिल्याइतकाच जोरात वाजू दे.