गाजर गवत जाळायचं की खड्ड्यात घालायचं?

बांधकरी: कालची पोस्ट: "गाजर गवत दिसलं की तणनाशक मारा, वाळलं की काडी लावा. त्याचं खत करा म्हणणारे रानात बी पेरायला सांगताहेत." वाचून राहवलं नाही. एवढा हिरवा पाला पेटवायचा आणि खत विकत आणायचं? फूल येण्याआधी, रान ओलं असताना मुळासकट उपटा. वरून कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. खड्डा ३ फूट खोल, ६ रुंद, १० लांब, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. ५० किलो गवताचा थर, त्यावर अर्धा किलो युरिया, शेणकाला, मिळालं तर ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (पाला कुजवणारी बुरशी). मुळांना माती नसेल तर १०-१२ किलो माती टाका. प्रत्येक थर पायांनी तुडवा, पोकळ राहिला तर पाला कुजत नाही, नुसता वाळतो. जमिनीवर फूट-दीड फूट घुमट आला की शेण, माती, भुसा कालवून लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार.

कांदेवाला (कालची पोस्ट माझीच): "फूल येण्याआधी" म्हणायला सोपं आहे. महिना-सव्वा महिन्यात कळी धरते आणि रानातली सगळी झाडं एका वयाची नसतात. एका झाडाला हजारोंनी बी. खड्ड्याची कड गार राहते, तिथलं बी मरत नाही. ते खत कांद्याच्या वाफ्यात गेलं की खुरपणीला पैसे पुरत नाहीत. आणि उपटणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटते, दमा उठतो, ते कोण निस्तरणार?

शेणकाला: हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. एकदा अंगावर उठलेल्या माणसाला या कामाला लावूच नये. कळी दिसलेलं झाड खड्ड्यात नको. खत झालं की कुंडीत ओलं करून ठेवा, गाजरासारख्या पानांची रोपं आली तर ते वापरू नका. मेथीही टाकून बघा, उगवण खुंटली तर खत अजून कच्चं आहे. ताजं गवत आच्छादनाला वापरू नका, त्यातलं पार्थेनिन नावाचं विषारी द्रव्य बियांची उगवण मारतं.

भुंगाप्रेमी: खत राहू द्या. पुण्यात १९५५ला नोंदलं गेलेलं हे तण देशभर पसरलं, त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ला बंगळूरला सोडला. तणनाशक मारून तुम्ही त्याचं खाणंच काढून घेता!

कांदेवाला: भुंगा पावसाळ्यापुरता. थंडीत मातीत दडतो, गवत मात्र बारमाही. सूर्यफुलाची पानं खाताना सापडला होता, ते विसरलात?

भुंगाप्रेमी: गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्याने तो तिकडे वळला. अर्धवट माहितीवर भुंग्याला बदनाम करू नका! पडीक जागेत टाकळ्याचं बी फेका, पावसाळ्यात टाकळा गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही.

कांदेवाला: टाकळा मान्य. कळीआधीचं गवत खड्ड्यात, तेही मानतो. पण कांद्याच्या वाफ्यात ते खत मी घालू देणार नाही.

शेणकाला: वाफ्यात नकोच. आंब्या-चिकूच्या आळ्यात घाला आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी आळं बघा. चुकून उगवलेलं चार पानांवर असतानाच उपटा.